रांग मोडायची नोकरी

बारा वर्षं या फाटकाशी मी रांग लावत होतो.
न्खोटाकोटाचा जिल्हा दवाखाना, सरोवरापासून हाकेच्या अंतरावर.
वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास यायचा,
आणि चितेंजेत पाठीशी बांधलेली तापलेली पोरं.
माझ्याकडे काठी होती, शिट्टी होती
आणि एकच कायदा: आधी आला तो आधी.

मग एनिफा सिस्टर बदलून आली.
पहिल्याच आठवड्यात तिनं काठी मागून घेतली.
म्हणाली, लास्टन, दिवसभर तू यांच्याकडे बघतोस.
आता बघायला शीक.

रडतंय ते थांबेल.
रडायला छातीत वारा लागतो, अंगात रग लागते.
तू गप्प असलेलं शोध,
डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली
तरी ज्याची पापणी हलत नाही, ते.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही
एवढं मला ठाऊक होतं.
ज्याला रडताही येत नाही त्याचं काय,
हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

अंगठ्याचं नख दाबायचं. पांढरं पडतं.
सोडायचं, आणि मनात मोजायचं.
गुलाबी रंग घरी परतायला
तीनच्या पुढे गेला की पोर उचलायचं आणि पळायचं.
नाव नंतर. कार्ड नंतर.
श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतो का.
पोटाची चिमूट सोडली तर कातडी बसते,
की उभीच राहते, विसरल्यासारखी.
पोराचा तळहात आईच्या तळहाताशेजारी धर:
तिचा लालसर,
आणि याचा मक्याच्या पिठासारखा असेल, तर
माझ्या नावानं ओरड.

मी चौथीत शाळा सोडली.
पण तीनपर्यंत मला येतं.

जानेवारी होता, डासांचे दिवस.
उजाडायच्या आत शंभरेक जणी.
सगळ्यात पुढे मासळीचा एक व्यापारी, कडक इस्त्रीचा शर्ट,
मुलाची दोन बोटं पातेल्याला भाजलेली.
पोरगं असं बोंबलत होतं की आंब्यावरचे कावळे उडाले.
मी त्याला ओलांडून पुढे गेलो.
शेवटून तिसरी, भिंतीला टेकलेली,
टेकड्यांपलीकडून रात्रभर चालत आलेली बाई.
म्हणाली, उठवू नका हो,
रात्रभर त्रास दिला, आत्ता कुठे डोळा लागलाय.

चितेंजेतून बाहेर आलेला पाय
मी हातात घेतला. गार.
दाबलं. सोडलं.
एक. दोन. तीन. चार.
पाचला मोजणं सोडून दिलं.

फडक्यासकट उचललं त्याला.
रांग खवळली. व्यापाऱ्यानं माझी कॉलर धरली,
गुंडी तुटून कुठे गेली कुणास ठाऊक.
शिट्टी गळ्यात होती, पण फुंकायला श्वास कुठला.

आत एनिफानं माझ्याकडे बघितलंही नाही.
मास्क. साखरेचं पाणी. शीर सापडेना
तेव्हा सुई सरळ नडगीच्या हाडात.
कुणीतरी रक्ताच्या फ्रिजकडे धावलं,
आत एकच पिशवी होती, ती त्याच्या गटाची निघाली.
त्याची आई दारात उभी होती, पाठ रिकामी,
तरी हात मागे, आधार दिल्यासारखे.

जगला का, असं लोक विचारतात.
जगला.
त्याच्या आधीच्या मंगळवारचा नाही जगला.
त्याच्याजवळून मी चार वेळा गेलो होतो
आणि एकदा थांबून त्याच्या आईला म्हटलं होतं,
किती शहाणं बाळ.

दुपारी तो व्यापारी पुन्हा आला.
आवाज उतरलेला. शर्ट घामानं भिजलेला.
माझ्या पोराचंही बघा की, म्हणाला.
मी त्याच्या मुलाचा चांगला हात घेतला,
नख दाबलं, सोडलं.
एक म्हणायच्या आत गुलाबी.
मुलानं हात हिसकावला आणि मला लाथ मारली,
चांगली जोरात, गुडघ्यावर.

रांगेत उभे राहा साहेब, मी म्हणालो.
तुमच्याकडे वेळ आहे.